ऐन पौषात पंखा : तुमच्याकडे काय परिस्थिती?

पौष चालू आहे आणि रात्री पंखा लावून झोपतोय. दुपारच्या उन्हाचं मला फारसं वाटत नाही, कोल्हापूरला ते नवीन नाही. काळजी रात्रीची आहे. पहाटेची थंडीच गेली तर शेतीचं, जनावरांचं काय होतं, हे ज्याचं त्याला माहीत. म्हणून विचारतोय, आपापला अनुभव लिहा.

वडणगे : आमचं गुऱ्हाळ आहे. दादा, रात्री गार पडल्या तरच उसात साखर भरते. आता रस तेवढाच निघतोय, पण काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, गूळ कमी उतरतोय. त्यात हवा दमट. गूळ हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळं कालच्या ढेपेला आज हात लावला तर बोटं चिकटतात. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, म्हणतो पाक थोडा पुढं नेऊ. पण जास्त पुढं नेला की रंग काळपट येतो, आणि मार्केट यार्डात सौद्याला आधी रंगच बघतात. व्यापाऱ्याला हवामान सांगून काय उपयोग?

गडहिंग्लज : शाळूवर, म्हणजे रब्बी ज्वारीवर, चिकटा पडलाय, माव्याच्या किडीचा चिकट गोड रस. पानं उन्हात तेल लावल्यागत चमकतात. पान उलटून बघा, खाली मावा दिसेल. हरभऱ्याच्या घाट्यात (शेंगेत) अळी. ढगाळ राहिलं तर हे वाढणारच.

रंकाळा : पहाटे फिरायला स्वेटर लागत नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला मात्र गर्दी तेवढीच आहे!

राजारामपुरी : मी भूगोल शिकवते. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते, म्हणून पहाट गार. ढग आले की ती अडते. बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाला की पूर्वेकडून बाष्प येतं, उत्तरेचं कोरडं गार वारं इथवर पोचत नाही. नोव्हेंबर २०२४ अखेर फेंजल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं, त्यानंतर आपल्याकडंही असंच ढगाळ झालं होतं. त्यामुळं कमाल तापमानापेक्षा किमान तापमानाकडं लक्ष ठेवा.

आजरा : ताई, बरोबर. आमच्या काजूला आणि आंब्याला मोहोर आलाय, त्यावर तुडतुडे दिसायला लागलेत. घाईनं औषध मारू नका, मोहोर फुललेला असताना मधमाश्या मरतात आणि फळधारणा घटते. आधी कृषी सहायकाला फांदी दाखवा.

वडणगे : आकाश मोकळं झालं की गुळाच्या उताऱ्याचं काय होतंय, इथंच लिहितो.