सहा वर्षांच्या मुलाच्या नावावरचं मंदिर

एकांनी विचारलंय की रोमन शहरांत फक्त ज्युपिटर, मार्स अशा रोमन देवांचीच मंदिरं असायची का. अजिबात नाही. इटलीतल्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातलं इसिस देवीचं मंदिर बघा. देवी मूळची इजिप्तची, आणि मंदिर मोठ्या नाट्यगृहाच्या अगदी पाठीशी.

मंदिर लहानसंच. उंच जोत्यावर गाभारा, पुढे खांबांचा मंडप, भोवती ओवऱ्यांचं अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात एक छोटी बिनछपराची खोली आहे, तिच्यातून पायऱ्या खाली पाण्याच्या टाक्याकडे उतरतात. पूजेला लागणारं पवित्र पाणी तिथलं.

मला मात्र सगळ्यात जास्त भिडतो तो दारावरचा शिलालेख. इ.स. ६२ च्या भूकंपात मंदिर कोसळलं. ते पायापासून स्वखर्चाने पुन्हा उभारलं नुमेरियस पोपिडियस सेल्सिनस याने, असं त्यात कोरलंय. या औदार्याबद्दल नगरसभेने त्याला फी न घेता सभासद करून घेतलं, तेव्हा त्याचं वय होतं सहा! पैसा अर्थातच बापाचा. बाप बहुधा मुक्त झालेला गुलाम. अशा माणसाला नगरसभेत बसता येत नसे, मुलाला येई. म्हणून मुलाच्या नावाने देऊळ.

आणि गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखं आहे: इ.स. ७९ मध्ये शेजारच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा चौकातलं ज्युपिटरचं मुख्य मंदिर अजून पडक्याच अवस्थेत होतं. इसिसचं बांधून पूर्ण झालेलं होतं.