तेच चित्रपुस्तक रोज रोज: समज वाढते की नुसतं पाठांतर?

दांडिया बाजारची आई (बडोदा): लेक साडेतीन वर्षांची. भाजीवाल्या आजीचं एकच पुस्तक रोज रात्री हवं. सासूबाई म्हणतात, "पाठ झालंय तिचं, आता दुसरं आण." मला ते पटत नाही. परवा तिने विचारलं, "वांगी कुठे गेली?" मजकुरात वांग्यांचा पत्ता नाही. चित्रात मात्र पानागणिक टोपलीतलं एकेक वांगं कमी होतं आणि शेवटी कोपऱ्यातल्या बकरीचं पोट टम्म! गोष्ट पाठ झाली म्हणूनच तिची नजर कोपऱ्यात गेली, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

मांजलपूरचे आजोबा: नाही पटलं. आमचा नातू पान न बघता घडाघडा म्हणतो. "पागोळ्या म्हणजे काय रे?" विचारलं की गप्प! मुखोद्गत झालं म्हणजे कळलं असं नव्हे, रामरक्षा आपणही तशीच पाठ केली होती. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणून इथलं मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, ते काय एकच पुस्तक घासायला? दर आठवड्याला नवं आणा.

एक बाबा, अलकापुरी: आजोबा, ससेक्स विद्यापीठाच्या जेसिका हॉर्स्ट यांचा २०११ चा अभ्यास बघा. तीन वर्षांची मुलं. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, फक्त एका गटाला त्याच गोष्टी पुन्हा वाचून दाखवल्या आणि दुसऱ्याला दर वेळी वेगळ्या. शब्द जास्त शिकला तो पहिला गट.

मांजलपूरचे आजोबा: शब्द शिकणं वेगळं, गोष्ट कळणं वेगळं. शिवाय तो प्रयोग आठवडाभराचा. इथे वर्षभर एकच पुस्तक वाचून आईचा घसा बसलाय, त्याचा अभ्यास कोणी केला?

बालवाडीच्या ताई, कारेलीबाग: वाचता कसं, त्यावर सगळं आहे हो. पहिल्यांदा मी न थांबता वाचते. पुढच्या खेपेला विचारते, "ही का रुसली असेल?" मग पुस्तक मुलांच्याच हातात देते, सांगा म्हणते. तिथे कळतं कोणाला काय समजलंय. गेल्या आठवड्यात एकाने चोर पकडणाऱ्या शिपायालाच चोर ठरवलं, आणि त्याचं कारणही चोख होतं: "तोच पळतोय ना!" तसंच्या तसं पुन्हा वाचत राहिलात तर आजोबांचं म्हणणं खरं ठरेल.

दांडिया बाजारची आई: ताई, पण रात्री दहा वाजता प्रश्न विचारले तर पोर झोपायचीच नाही.

बालवाडीच्या ताई, कारेलीबाग: रात्री नकोतच. ते काम दुपारी मोकळ्या असलेल्या आजोबांचं.