रिपोर्ट नॉर्मल, पण अंगात त्राण नाही. निदान होईपर्यंत कसं निभावता?

सोलापूरकर: सकाळी बोटं इतकी आखडतात की लाटणं धरवत नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. शाळेतून घरी आले की पर्ससकट तशीच आडवी होते. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका, सासूबाई म्हणतात, “नॉर्मल आलंय ना, मग?” पुढच्या महिन्यात पुण्याला संधिवाततज्ज्ञांची अपॉइंटमेंट आहे. तिथे जाऊन धड बोलायचं तरी बळ राहील का, याचीच धास्ती वाटते. तुम्ही कसं काढलंत?

कोथरूडकर: ताई, मला शोग्रेन (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून डोळे-तोंड कोरडं पडणारा आजार) निघाला, म्हणून डोळ्यांचं वाचून लगेच लिहितेय. तुम्हाला तोच आहे असं नाही म्हणत. तोंड कोरडं पडतं का? ते आपणहून सांगा. नुसतं ‘थकवा येतो’ सांगून भागत नाही; काय काय करता येईनासं झालंय ते सांगा, लाटण्याचं तर नक्कीच. बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो, घड्याळ बघून रोज लिहा. अर्धा-एक तास आखडलेली राहिली तर डॉक्टर सांध्यांच्या सुजेचा विचार करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शर्मर टेस्ट होते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवतात आणि किती भिजली ते मोजतात. ती सोलापुरातच करून घ्या, पुण्याची एखादी खेप वाचेल. आणि एएनए (अशा आजारांसाठी करतात ती रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला तरी लगेच घाबरू नका, निरोगी माणसांतही येतो.

लॅबवाला: हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. फेरिटिन आणि बी१२ झालंय का, डॉक्टरांना विचारा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, थायरॉईडचा रिपोर्ट त्याने चुकू शकतो.

बार्शीकर: बायकोच्या वेळी मी दरवेळी सोबत जायचो. ती बोलायची, मी वहीत लिहून घ्यायचो. प्रवासाच्या आदल्या दिवशी डबा बाहेरून, आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिला रजा, हे घरात ठरवूनच टाकलं होतं. दमलेल्या माणसानेच फाईल, तिकिटं, स्वयंपाक सगळं बघायचं, हे चालणार नाही. तुमच्या यजमानांना हे वाचायला द्या.

सोलापूरकर: तोंड कोरडं पडतं, हो. ताजी भाकरीसुद्धा पाण्याशिवाय उतरत नाही. इथल्या उन्हाळ्यामुळे असेल म्हणून कुणी विचारलंच नाही. सोमवारी डोळे दाखवते, फेरिटिनचंही विचारते. ह्यांनी बार्शीकरांचं वाचलं आणि पुण्यासाठी दोन दिवसांची रजा टाकतो म्हणाले.