लहान मुलांना घेऊन शेतात फळं तोडायला गेलायत का? अनुभव लिहा

मेणवलीची_माहेरवाशीण
आज साताऱ्याच्या मंडईत स्ट्रॉबेरीचा डबा उचलला, तर लेक म्हणते, "आई, हा नको, देठाजवळ पांढऱ्या आहेत." दहावीला आहे आता. हे तिला शिकवलं भिलारच्या एका काकांनी, ती बालवाडीत असताना!

जानेवारी होता. धाकटा पसरणीच्या घाटात ओकला, त्याचे कपडे बदलेपर्यंत सासूबाईंचं सुरू, "पैसे देऊन दुसऱ्याच्या रानात मजुरी करायची, ही कुठली हौस?" काकांनी पोरांना गादीवाफ्यांमधल्या सरीत उभं केलं. "वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पाय न्हाय द्यायचा. फळ वढायचं न्हाय, देठाला नख लावून खुडायचं. आन् पार देठापर्यंत लाल झालंय तेवढंच. हे काय आंबा न्हाय, आडीत घालून पिकत न्हाय." लेक एकेक फळ उलटंपालटं करून बघत होती. धाकट्याने फुलंच खुडली.

शेवटी वजन करून पैसे दिले. पोटात गेलेल्याचं वजन कोण करणार! सासूबाईंना सरीतून बाहेर काढायला मात्र मला दोनदा हाका माराव्या लागल्या.

तुमचे किस्से येऊ द्या.

तासगावकर_बागाईतदार
द्राक्षाच्या बागेत असलं काय चालत नाही बरं का 😄 मण्यावरची लव हाताने पुसली की माल कळकट दिसतो, व्यापारी लगेच भाव पाडतो. घड देठाला धरून कात्रीने काढावा लागतो. पाहुण्यांची पोरं आली की आमचे आबा आधी कात्र्या लपवतात, मग चहा सांगतात. पोरांना बेदाण्याच्या शेडवर सोडायचं. तिथं रॅकवरचं कितीबी खावा.

रोजची_घाई
घाटात मुलांना उलटी होऊ नये म्हणून काय देता?

मेणवलीची_माहेरवाशीण
आवळासुपारी. आणि निघताना दूध अजिबात नाही.

कराडची_काकू
आमच्याकडे आवळासुपारी खाऊन पण ओकतात 🤦

दोन_पिल्लांची_आई
मला एकच विचारायचंय, न धुता खाऊ देता? फवारणीचं काय? आमचे हे तर गाडीत पाण्याचा कॅन घेऊन आलेले. पोरगी तोडणार, बाबा धुणार, पोरगी खाणार. तासभर हेच.

वाई_पाचगणी_रोजचा
ताई, बरोबर केलं त्यांनी. शेतात शिरण्याआधी सरळ विचारायचं, शेवटची फवारणी कधी झाली. प्रत्येक औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं की तोडणीआधी किती दिवस थांबायचं. शेतकरी सांगतो, त्याला माहीत असतं. माझं स्वतःचं थोडं रान आहे, सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण असते. पोरांना नेणार असाल तर सकाळी लवकर या. ऊन चढलं की फळ मऊ पडतं, हातातच चिरडतं, मग पांढऱ्या शर्टाचं काय होतं ते विचारू नका.

दोन_पिल्लांची_आई
पांढराच होता 😭

कराडची_काकू
तुतीपेक्षा बरं. तुतीचा डाग शर्टासोबतच जातो.

पुस्तकवेडा_सातारा
भिलारला आम्ही पण गेलो, पण शेत राहिलंच! 2017 पासून तिथं घराघरांत पुस्तकं ठेवलीत ना, मुलगा एका घराच्या ओसरीवर बसला तो उठेचना. बायको एकटी जाऊन डबा भरून आली. मला विचाराल तर ट्रिप वसूल. बायकोला विचारू नका.

आटपाडीचा_माणूस
आमच्याकडं डाळिंब. काटे बघूनच शहरातली पोरं गाडीतून उतरत नाहीत. त्यात कोण येतंय ओ एवढ्या लांब. हुरड्याला या म्हटलं तर विचारतात, एसी आहे का 😂

रोजची_घाई
हुरडा पोरांना आवडतो? माझा मुलगा दाणे थुंकतो.

आटपाडीचा_माणूस
गूळ द्या सोबत. आणि शेंगदाण्याची चटणी. मग बघा.

जुनं_रान
वाचून बरं वाटलं आणि थोडं वाईटपण. आमचं आजोळचं रान होतं कोरेगावकडं. भुईमूग, घेवडा, बांधावर बोरी. आजोबा गेल्यावर मामांच्यात वाटण्या झाल्या, निम्मं विकलं. परवा माझ्या मुलांना तिकीट काढून एका शेतात नेलं. तिथल्या मुलीने त्यांना टोमॅटो कसा तोडायचा ते दाखवलं आणि मी शेजारी उभी. मुलं खूश होती म्हणा. मलाच काहीतरी झालं.

मेणवलीची_माहेरवाशीण
समजू शकते ग. माझ्या माहेरचं पण थोडंच उरलंय.

कराडची_काकू
अगं मग आमच्याकडं या की! तिकीटबिकीट काही नाही. दिवाळीच्या आधी भुईमूग काढायला येतो, पोरांना शेंगा उपटू दे हव्या तेवढ्या. उपटल्या की तिथंच बसून तोडायच्या मात्र, ते काम तुझं 😄

जुनं_रान
काकू, खरंच येईन हं! गाडी रानापर्यंत येते का?

कराडची_काकू
ओढ्यापर्यंत येते. तिथून चालत. चांगले बूट घालून येऊ नका, काळी माती आहे. आणि मला आधी फोन कर, वाघ्याला बांधून ठेवते.

रोजची_घाई
काकू आम्ही पण? दूध न पाजता आणते.