आखूड नळीला जलदच दारू हवी का? (लिव्हर रायफल, काडतुसांची हातभरणी)

धुरकरी
भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर आणि भद्रावती, दोन्हीकडचे दारूगोळा कारखाने आपल्याच पट्ट्यातले. दारू कशी जळते हे जाणणारे इथं कमी नाहीत, म्हणून हा वाद इथं काढतो. रायफल अमेरिकी धाटणीची लिव्हरवाली, ३५७ मॅग्नम काडतुसाची, नळी १६ इंची, खाली नळकांड्याची मॅगझिन, म्हणजे काडतुसं एकामागं एक बसतात. माझं म्हणणं सरळ आहे: नळी आखूड तर दारू जलद, म्हणजे झटकन जळणारी. संथ दारू नळीत पुरती जळत नाही, उरलेली तोंडाशी भडकते. तो भडका म्हणजे वाया गेलेली दारू.

परवान्याशिवाय काडतूस भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा ग्रेनचे (दारूच्या वजनाचे) आकडे इथं मागू नका, टाकूही नका. ते दारू बनवणाऱ्याच्या तक्त्यातलेच धरायचे.

वैनगंगाकाठ
भडक्यावरून निकाल लावू नका. तोंडाशी दिसतो त्यातला मोठा भाग न जळलेल्या दारूचा नसतोच. नळीतून तापलेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेर येतो, त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाला की तो पेटतो. म्हणून भडका दाबायला काही दारूंत पोटॅशियमचे क्षार घालतात.

मुख्य मुद्दा दाबाचा. ३५७ मॅग्नमची अमेरिकी मानक मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). दारू जलद असो की संथ, हे छप्पर तेच. दाबाचा शेंडा गोळी पहिले एक-दोन इंच सरकते तोवर येऊन जातो. जलद दारू तिथं छपराला टेकते आणि लगेच ओसरते. संथ दारूचं वजन जास्त, वायू जास्त, त्यामुळं शेंडा तेवढाच ठेवून मागचा दाब टिकतो. लांब नळीत जी दारू सर्वाधिक वेग देते, तीच बहुधा आखूड नळीतही देते. फरक थोडा घटतो, एवढंच. शिवाय हे काडतूस जन्मलं रिव्हॉल्वरसाठी. चार-सहा इंची नळीच्या काडतुसाला १६ इंच आखूड कसले?

पराटी
वेग हवा असेल तर हे बरोबर. पण सगळ्यांना वेगच हवा असतो का? शिशाची गोळी, पन्नास मीटरवरचा कागद, कमी आवाज: इथं संथ दारू मुळातच चुकीची. एच-११० आणि डब्ल्यू-२९६ (दोन नावं, संथ दारू एकच) यांचा भार, म्हणजे एका काडतुसातलं दारूचं वजन, तक्त्यापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नये, असं बनवणारेच सांगतात. भार कमी पडला की पेट अडखळतो, गोळी नळीत अडकू शकते. मागून दुसरा बार उडाला तर नळी फुगते किंवा फाटते. हलका बार भरणाऱ्यानं जलद नाहीतर मध्यम दारूच घ्यावी. धुरकरींचं उत्तर बरोबर, कारण चुकलं.

झाडीपट्टी
अन् जलद दारूचा धोका कोन सांगनार, बाप्पा? ३५७ च्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळीत) ती अर्ध्याच्याही खाली बसते. दोनदा पडली तरी वरून पाहून ध्यानात येत नाही. म्हनून भरलेल्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या ठेवून, बॅटरी मारून एकेक पाहाच लागते, मंग गोळी बसवाची. संथ दारू दुप्पट घातली तं सांडतेच.

दुसरं, मॅगझिनची स्प्रिंग अन् बाराचा झटका मिळून गोळी पुंगळीत मांगं सरकते. आत रिकामी जागा असन तं गोळी चांगलीच खाली दबते अन् जलद दारूत दाब एकदम चढते. संथ दारू पुंगळीभर असली तं गोळीले मांगून टेका राहते. कोनतीही दारू घ्या, गोळीच्या खाचेत रोल क्रिम्प (पुंगळीची कड आत वळवून आवळणं) पाहिजेच. टोकदार गोळी तर नळकांड्यात नकोच, तिचं नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (बुडातल्या, ठिणगी देनाऱ्या टिकलीवर) टेकते अन् झटक्यानं ते नळकांड्यातच उडू शकते. सपाट नाकाचीच घ्या.

वैनगंगाकाठ
क्रिम्प पटलं. टोपीही पुंगळीच्या बुडापासून ३ ते ५ हजारांश इंच आत हवी. नुसती समपातळी पुरेशी नाही.

पराटी
टोपीचंच बोलू. 'रायफल आहे म्हणून रायफलची टोपी' ही पळवाट चालत नाही. लहान रायफल आणि लहान पिस्तूल टोप्यांचं माप सारखंच, पण रायफलच्या टोपीची वाटी जाड. घोड्याची स्प्रिंग मऊ करून घेतली असेल तर ती फुसकी जाते. मोठ्या टोपीत फरक उंचीचा: रायफलची उंच असते. ४४ मॅग्नम काडतुसाच्या टोपीघरात घातली तर वर राहते, आणि नळकांड्यात वर राहिलेल्या टोपीचं काय होतं ते वर आलंच आहे. ३०-३० आणि ४५-७० या रायफलच्या काडतुसांना मात्र मोठी रायफल टोपीच.

धुरकरी
मग मॅग्नम टोपी सगळीकडे लावली तर? पेटायची खात्री तरी.

वैनगंगाकाठ
नको. मॅग्नम टोपी एच-११० सारख्या, लेप चढवलेल्या गोलकणी दारूला लागते, ती पेटायला जड. जलद दारूला तीच लावली की दाब वाढतो. टोपी बदलली की भार तक्त्याच्या तळापासून पुन्हा चढवायचा.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढं जातो. टिनाच्या खोलीत ठेवलेलं काडतूस त्याहून तापतं, दाबही चढतो. हिवाळ्यात मर्यादेला टेकवलेला भार उन्हाळ्यात ओलांडू शकतो. डब्याला आंबूस वास आला किंवा लालसर धूर दिसला तर ती दारू संपली समजा.

झाडीपट्टी
टोपी चपटी झाली का पाहत बसू नका. ३०-३० ची मर्यादा ४२,००० पीएसआय, तेवढ्यात टोपी उशिरा बोलते. लिव्हर जड उघडली, पुंगळी चिकटली तं थांबा. अन् ३०-३० च्या हलक्या बारात टोपी बाहेर आलेली दिसली तं दाब जास्त झाला असं समजू नका. दाब कमी पडला म्हनून पुंगळी मांगं सरकून तिले परत दाबू शकली नाही.

धुरकरी
भडक्याचं मान्य, चुकलं. पण ठरलेल्या हलक्या बाराला मी जलदच धरणार. दुप्पट भाराची भीती ठोकळा आणि बॅटरीनं जाते; ३ टक्क्यांची अट कशानं जाते ते सांगा.

वैनगंगाकाठ
मध्यम दारूनं. पराटींनी आधीच सांगितलं, तुम्ही जलद तेवढं वाचलं.