जुन्या सेकंडहँड मेटल डिटेक्टरचं मॅन्युअल कुठे आणि कसं शोधायचं?

उलटा_नॉब (प्रश्न)

दोन जुने डिटेक्टर आहेत, दोन्ही मॅन्युअलशिवाय आलेले. पहिला व्हाइट्सचा. नावाच्या पट्टीवर 'कॉइनमास्टर' आणि '6000' एवढं वाचता येतं, पुढची अक्षरं घासून गेली आहेत. दुसऱ्यावर फक्त 'मायक्रोन्टा' आहे, मॉडेलचं नाव कुठेच सापडत नाही. नेटवर शोधलं की एकतर पैसे मागणाऱ्या डाउनलोड साइट येतात, नाहीतर भलत्याच मॉडेलची पीडीएफ.

नेमकं मॉडेल कसं ठरवायचं? बंद झालेल्या कंपनीची मॅन्युअलं कुठे मिळतात? आणि मिळेपर्यंत मशीन चालवून पाहिलं तर काही बिघडेल का?

पट्टीवाचक

मॉडेल ठरल्याशिवाय शोधाशोध करू नका. व्हाइट्सने 6000 हा आकडा कित्येक वर्षं वापरला. 6000/डी, 6000/डीआय, 6000 डीआय प्रो एसएल ही वेगवेगळी मशीनं आहेत. 6000/डी मध्येही पुन्हा सिरीजचे प्रकार आहेत. चुकीच्या सिरीजचं मॅन्युअल हातात आलं तर नॉबांची नावं थोडीफार जुळतात, पण स्विचच्या जागा आणि सेटिंग जुळत नाही, आणि मशीनच बिघडलंय असं वाटायला लागतं.

पट्टी गेली असेल तर आतल्या पार्ट्सवरून साल निघतं. आधी सेल काढा, मग बॉक्स उघडा. आयसीवर, म्हणजे बोर्डवरच्या काळ्या चिपवर, चार आकडी कोड असतो: पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. 8432 म्हणजे 1984 सालचा 32 वा आठवडा. 7400 किंवा 4013 सारखा आकडा मात्र आयसीचा नंबर असू शकतो, त्याला तारीख समजू नका. नॉबच्या मागच्या पॉटवर, म्हणजे पोटेंशिओमीटरवर, बहुधा सहा-सात आकडी शिक्का असतो. पहिले तीन आकडे उत्पादकाचे (137 म्हणजे सीटीएस), नंतर वर्ष, शेवटचे दोन आठवड्याचे. सहाच आकडे असतील तर वर्षाचा एकच आकडा दिलेला असतो, मग दशक तुम्हाला अंदाजाने ठरवावं लागेल.

बोर्डवरचे छोटे ट्रिमर (पेचकसाने फिरणारे बारीक पॉट), विशेषतः रंगाचा किंवा मेणाचा ठिपका असलेले, अजिबात फिरवू नका. कारखान्यातलं सेटिंग एकदा हललं की कुठलंही युजर मॅन्युअल ते परत आणून देत नाही.

बाहेरूनही पाहून घ्या: सेलच्या झाकणाची आतली बाजू, आर्मरेस्टखालचा दांडा, कॉइलचा (जमिनीवर फिरवायच्या चकतीचा) वरचा भाग. पट्टीवर पेटंट नंबर असले तर त्यांतल्या सर्वांत नव्या पेटंटच्या मंजुरीनंतरच ती पट्टी छापलेली असणार.

पीडीएफ_शोधक

मायक्रोन्टा हा रेडिओ शॅकचा घरचा ब्रँड, त्यामुळे मायक्रोन्टा नावाने कारखाना शोधून उपयोग नाही. कॅटलॉग नंबर शोधा: दोन आकडे, डॅश, पुढे आणखी आकडे, असा त्याचा साचा असतो. तो बहुधा सेलच्या खोबणीत किंवा बॉक्सच्या तळाला असतो. रेडिओ शॅकचे वार्षिक कॅटलॉग स्कॅन करून नेटवर ठेवलेले आहेत. फोटो ताडून मॉडेल आणि नंबर दोन्ही मिळतात. काही देशांत हीच दुकानं टँडी नावाने चालायची, म्हणून टँडी घालूनही शोधा. त्यांची नंतरची डिस्कव्हरी मालिका बाउंटी हंटरच्या कारखान्यातली आहे. तिथे जुळ्या बाउंटी हंटर मॉडेलचं मॅन्युअल चालून जातं.

आता बंद कंपन्या. टेसोरो 2018 मध्ये बंद झाली, व्हाइट्स 2020 मध्ये. व्हाइट्सची तांत्रिक मालमत्ता गॅरेटने घेतली. फिशर 2006 पासून फर्स्ट टेक्सासकडे आहे, टेकनेटिक्स आणि बाउंटी हंटरही त्यांचेच. म्हणून फिशरसाठी आधी त्या गटाच्या साइटवरचा जुन्या मॉडेलांचा विभाग पाहा. कंपनीला मेल करायचा तर सिरियल नंबर आणि पॅनेलचा फोटो सोबत द्या. नुसतं 'जुनं मॉडेल आहे' लिहिलं तर कुणी दखल घेत नाही.

टेसोरो आणि व्हाइट्ससाठी वेबॅक मशीन, म्हणजे जुनी वेबपानं जतन करणारी साइट. कंपनीचा जुना पत्ता टाका, शेवटी तिरकी रेघ आणि तारा द्या. त्या पत्त्याखाली जतन झालेल्या सगळ्या फायलींची यादी येते. वरच्या गाळणीच्या चौकटीत पीडीएफ लिहिलं की फक्त पुस्तिका उरतात. एखादी अर्धवट उघडली तर त्याच फाइलची दुसऱ्या तारखेची प्रत उघडा. पहिली प्रत तुटकी निघाली म्हणून सोडून देणारे बरेच असतात.

साध्या सर्चमध्ये आकडा आणि अक्षर तीन तऱ्हांनी लिहा: मध्ये तिरकी रेघ, मध्ये डॅश, आणि जोडून. 'ओनर्स मॅन्युअल' बरोबर 'ऑपरेटर्स मॅन्युअल' आणि 'इन्स्ट्रक्शन मॅन्युअल'ही द्या. जुनी स्कॅन म्हणजे नुसती चित्रं असतात, आतला मजकूर सर्चला दिसत नाही. सगळी भिस्त फाइलच्या नावावर. मॅन्युअल म्हणून .ईएक्सई फाइल उतरायला लागली किंवा 'मोफत'साठी कार्डाचा नंबर मागितला तर तिथूनच मागे फिरा.

सर्किट डायग्राम हवा असेल तर जिओटेक ही डिटेक्टरच्या सर्किटांची साइट पाहा. पण तो दुरुस्तीसाठी, वापर शिकायला नाही.

लष्करी सरप्लस असेल तर रस्ताच वेगळा. पट्टीवरचा तेरा आकडी स्टॉक नंबर घ्या. 6665 ने सुरुवात म्हणजे धोका-शोधक उपकरणांचा वर्ग, सुरुंगशोधक त्यातच येतात. त्या नंबरवरून तांत्रिक पुस्तिका शोधायची.

दहा_फेरे

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चालवून पाहता येईल, पण आधी सेल नीट समजून घ्या. नुकसान होतं ते तिथेच. जुन्या सर्किटमध्ये उलट्या ध्रुवापासून संरक्षण असेलच असं नाही. एएच्या ट्रेमध्ये स्प्रिंगची बाजू ऋण. सेल भरून, ट्रे बाहेर ठेवूनच मल्टिमीटरने मोजा. आठ अल्कलाइन एए म्हणजे 12 व्होल्ट. तेच आठ रिचार्जेबल घातले तर 9.6, आणि पूर्ण चार्ज असूनही बॅटरीचा काटा खाली दिसतो. तो दोष नव्हे. दोन वेगळे कप्पे दिसले तर एक आवाजाचा आणि एक सर्किटचा असू शकतो, म्हणून दोन्ही भरल्याशिवाय 'बंद आहे' म्हणू नका. अल्कलाइन सेल गळून पांढरा थर बसला असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या.

कॉइलचा प्लग बसतो म्हणून दुसऱ्या मशीनची कॉइल लावू नका. पाच पिनांचे प्लग सारखे दिसतात, आतली जोडणी वेगळी असते. फ्रीक्वेन्सी जवळ असली तरी तेच: व्हाइट्सची बरीच मशीनं 6.59 किलोहर्ट्झवर चालतात आणि गॅरेट एस 250 हे 6.5 वर, पण तेवढ्यावरून त्यांच्या कॉइली अदलाबदल होत नाहीत.

मग मशीनचा प्रकार ओळखा. कॉइल लाकडी टेबलावर ठेवा, डिस्क्रिमिनेशन मोड (नको ते धातू गाळणारा) लावा आणि एक नाणं कॉइलसमोर स्थिर धरा. आवाज टिकून राहिला तर नॉन-मोशन. नाणं हलवतानाच आवाज येऊन थांबला तर मोशन, म्हणजे त्या मोडमध्ये कॉइल सतत फिरती ठेवायला लागते.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा परिणाम काढून टाकणारं सेटिंग, ऑल-मेटल मोडमध्ये (काहीही न गाळणाऱ्या) लावा. व्हाइट्सच्या पॅनेलवर त्याला जीईबी म्हणतात. बहुधा दहा फेऱ्यांचा नॉब असतो, टोक लगेच येत नाही म्हणून तुटलाय समजू नका. कॉइल कमरेइतकी वर धरून ट्यून बटण दाबा, हलकी गुणगुण ठेवा, मग जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत खाली आणा. आवाज वाढला तर नॉब ऋण बाजूला, दबला तर धन बाजूला. दर वेळी वर नेऊन पुन्हा ट्यून करायचं. वर-खाली करूनही गुणगुण बदलेनाशी झाली की झालं. जमिनीत खिळा-पत्रा नसलेली जागा निवडा, नाहीतर हे जन्मभर जमणार नाही.

पट्टीवाचक

@दहा_फेरे एक भर. जुन्या व्हीएलएफ/टीआर मशीनवर, म्हणजे व्हीएलएफ आणि टीआर असे दोन मोड असलेल्या मशीनवर, टीआर मोड लावला की ग्राउंड बॅलन्सचा नॉब कामच करत नाही. तिथे कॉइल एकाच उंचीवर ठेवणं एवढंच हातात असतं. नॉब फिरवून काही होत नाही म्हणून पॉट बदलायला घेऊ नका, आधी मोडचा स्विच पाहा.

उलटा_नॉब

व्हाइट्स उघडला. दोन पॉटवर 1378341, आयसीवर 8338 आणि 8340. एक आयसी मात्र 8806 आहे. मायक्रोन्टाच्या सेलच्या झाकणामागे 63 ने सुरू होणारा नंबर सापडला.

पट्टीवाचक

पॉट सीटीएसचे, 1983 चा 41 वा आठवडा. म्हणजे मशीन ऑक्टोबर 1983 च्या आधीचं नाही, आणि बाकी आयसीही त्याच सुमाराचे आहेत म्हणून फार नंतरचंही नसावं. 8806 वाला एकटाच आहे, नंतरच्या दुरुस्तीत बसवलेला दिसतो. त्याच्या आजूबाजूचं सोल्डर वेगळं चमकतंय का पाहा. आता जी पीडीएफ सापडेल तिच्या मागच्या पानावर छपाईचं साल शोधा. 1983-84 च्या जवळचं असेल तीच ठेवा, आणि सुरुवातीच्या कंट्रोल पॅनेलच्या चित्रातले नॉब आणि स्विच मोजून तुमच्या पॅनेलशी ताडा. एक स्विच जरी कमी-जास्त भरला तर ती दुसऱ्या सिरीजची.

पीडीएफ_शोधक

63 वाला नंबर डॅशसकट अवतरणचिन्हांत घालून शोधा, मायक्रोन्टा हा शब्द न लिहिता. विक्रीच्या जाहिरातींत ब्रँड बऱ्याचदा चुकीचा लिहिलेला असतो, नंबर मात्र पट्टीवरून उतरवलेला असतो. त्या जाहिरातींच्या फोटोंत कधीकधी मॅन्युअलची पानंही उघडी ठेवलेली सापडतात.