बाळंतपणानंतरची चिंता : सीबीटीमध्ये नेमके काय करतात?

प्रश्न :
माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. तिचा श्वास चालू आहे ना, हे पाहण्यासाठी मी रात्री दहा-बारा वेळा उठून तिच्या नाकाशी बोट धरते आणि गॅलरीच्या कठड्याजवळ गेले की ती माझ्या हातून खाली पडल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. सासूबाई म्हणतात, ओली बाळंतीण आहेस, होईल कमी. डॉक्टरांनी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारा, संवादातून होणारा मानसोपचार) सुचवली आहे. त्यात काय करतात?

उत्तर १ :
असे नकोसे विचार पुष्कळ नव्या आईवडिलांना येतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत विचार, भावना आणि कृती यांची साखळी तपासते. बोट धरल्याने तुम्हाला क्षणभर दिलासा मिळतो, पण शंका अधिकच बळावते; म्हणून ती तपासणी टप्प्याटप्प्याने कमी करायची असते.

उत्तर २ :
मी यातून गेले आहे. पहिला आठवडा केवळ वही भरली : वेळ, विचार आणि १०० पैकी भीती किती. नंतर बाराऐवजी आठ वेळाच उठायचे ठरले आणि एरवी भीती आपोआप उतरेपर्यंत अंथरुणातच पडून राहायचे. (गृहपाठाचा कंटाळा येतो, हे खरे.) नवऱ्याला सतत ‘बाळ ठीक आहे ना?’ असे विचारणेही तपासणीतच मोडते, हे मला फार उशिरा कळले.

उत्तर ३ :
भास होऊ लागले किंवा स्वतःला वा बाळाला खरोखरच इजा करावीशी वाटली, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता तत्काळ रुग्णालयात जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.